अब्दालीचा चष्मा

आमच्या नंदुरबारला जिनिंगचा हंगाम सुरू झाला की कापूस कुठे कुठे जाऊन बसतो! खिडकीच्या गजांना, चपलेच्या अंगठ्यात, आमटीत, केसांत. कुणी मुद्दाम आणत नाही, तरी साठतो. किस्से असेच साठतात. माझ्याकडे आमच्या रविवारच्या मंडळाचे किस्से असे साठलेत की झटकले तरी चार-दोन अंगावर राहतातच.

फरक एवढाच, की दुसरे लोक आपले किस्से हसत हसत सांगतात. मी सांगताना पुन्हा एकदा दचकते. पुण्याला कॉलेजात असताना प्रोफेसरांनी हजेरीत माझं नाव घेतलं तरी माझ्या हातातली पेन्सिल खाली पडायची. बी. ए. झाले, इथे मुलींच्या शाळेत शिकवायला लागले, पण दचकणं सुटलं नाही. आणि अशी मी जाऊन पडले कशात? तर लढाईत!

म्हणजे मातीच्या लढाईत. माझा मोठा भाऊ, दादा, इथल्या कोर्टात वकील आहे. विलायतेत चांगले शिकलेले बाप्ये शिशाचे शिपाई जमिनीवर मांडतात, नियम ठरवतात आणि जुन्या लढाया पुन्हा खेळतात, असं त्याने कुठल्याशा मासिकात वाचलं. झालं! दादाने ठरवलं की आपण पानिपत खेळायचं. त्याला साथीदारही मिळाले. ब्राह्मणपुरीचे आबा पाटील, मोठे शेतकरी. कापसाचे व्यापारी शांतिभाई. आणि चिंचपाड्याच्या मिशन दवाखान्यातले कंपाउंडर याकोबभाऊ, जे रविवारची प्रार्थना आटोपून आगगाडीने यायचे. मला रंगवायला घेतलं, कारण माझं अक्षर बारीक होतं.

जागा शांतिभाईंच्या वडिलांची. हिराचंदशेठ खाली पेढीवर गादीवर बसायचे आणि बरोबर त्यांच्या डोक्यावर, लाकडी फळ्यांच्या माडीवर, आमचं पानिपत. शेठजी पक्के जैन. पाणी गाळून पिणारे. पायरीवर मुंगी दिसली तर ती जाईपर्यंत एक पाय वर धरून उभे राहणारे. मी डोळ्यांनी पाहिलंय! पोरं वर इतिहासाचा अभ्यास करतात, एवढंच त्यांना सांगितलेलं होतं. तिथे माणसं मारण्याचा खेळ चालतो हे कळलं असतं, तर माडी त्याच दिवशी गेली असती.

आणि माडी गेली तर सगळंच गेलं. आमच्या घरी दोन खोल्या. आबांचं गाव तापीपलीकडे. बरं, पुरुषांना काय, ते चौकातही उभे राहतील. मला मात्र शाळा आणि घर सोडून जायला ती एकच जागा होती. घरी आई रोज "आता पुरे झालं शिक्षण, चांगलं स्थळ बघू" म्हणायची. त्या माडीवर मला कुणी बघायला येत नव्हतं. तिथे मी घोड्यांना डोळे काढत बसायची.

म्हणून प्रत्येक रविवारी मी चपला हातात घेऊन जिना चढायची. आज कळलं तर?

*

सुरुवातच धक्क्याने झाली. शिशाचे शिपाई मुंबईहून मागवावे, तर महायुद्ध पेटलेलं. शिसं खऱ्या गोळ्यांना लागत होतं, आमच्या खेळाला कोण देणार! तेव्हा दादाने गावातल्या एका म्हाताऱ्या कुंभाराला सांगितलं, घोडे कर, बोटाएवढे.

टोपली आली. दादाने गवत बाजूला केलं आणि तसाच बसून राहिला. आत एकूण एक बैल! शिंगांसकट, वशिंडासकट!

"अहो, मी घोडे सांगितले होते!"

कुंभारबाबा शांतपणे म्हणाले, "मन्हा बापनी कधी घोडा करा नही, मी कशा करू? पोळाना बैल शेतस. शिंगडा मोडी टाका, घोडा व्हयी जाई."

मग आम्ही शिंगं मोडायला बसलो. कट्, कट्, कट्. प्रत्येक 'कट्'ला मी दचकत होते. वशिंडं मात्र निघेनात, तेव्हा आमच्या पानिपतावरच्या सगळ्या घोड्यांना वशिंड आहे. माणसं, हत्ती, उंट मात्र कुंभारबाबांनी पुढे सांगितल्यासारखे करून दिले. आबांनी टोपलीतला एक बैल उचलून तळहातावर घेतला, उलटासुलटा पाहिला आणि छातीशी धरला.

"येले हात लावू नका. हाऊ मन्हा राजा शे."

"आबा, पानिपतावर बैल?" दादा ओरडला.

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "का? मंग तोफा काय वकीलस्नी वढ्यात?"

राजा राहिला. शिंगांसकट.

*

आता आमच्या मुख्य नियमाबद्दल. पहिल्याच रविवारी, सगळं मांडून झाल्यावर, शांतिभाई उठून उभे राहिले. बोलायला लागले तर कान लाल झालेले.

"एक अट आहे. इथे कुणी मरणार नाही."

 दादाला वाटलं थट्टा आहे. "शांतिलाल, हे पानिपत आहे!"

"असू दे. बापूजींच्या माडीवर कुणी मरणार नाही. खारीच्या केसांचा ब्रशसुद्धा चालणार नाही."

ब्रशचं मी कबूल केलं. तेव्हापासून सुईला कापूस गुंडाळून रंगवते. गेरू, हळद, नीळ आणि काजळ, बाभळीच्या डिंकात कालवून. पण न मरता पानिपत करायचं कसं? दादाने कोट अंगात घातला, म्हणजे आता तो घरी निघाला. आबा राजाला उपरण्यात बांधून घ्यायला लागले. मंडळ जन्माच्या दिवशीच मोडायला आलं!

याकोबभाऊ बोलतात कमी. त्यांनी आमच्यासाठी आणलेला बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला, उरलेली बिस्किटं आम्हाला वाटली, डब्याच्या तळाला कापूस अंथरला आणि म्हणाले, "जखमी होतील. मी घेऊन जाईन."

"कुठे?"

"चिंचपाड्याला. कुठे म्हणजे?"

त्या दिवसापासून आमच्याकडे कुणी मेलं नाही. पडला की चिंचपाड्याला. याकोबभाऊ डबा काखेत मारून संध्याकाळच्या गाडीने निघायचे. आठवडाभर दवाखान्यातून सुटी झाली की मोडलेले पाय, तुटलेले भाले डिंकाने जोडायचे आणि पुढच्या रविवारी फौज परत हजर.

मला वाटलं, चला, शांतिभाईंच्या मनाचं समाधान झालं. पण पर्युषणानंतर एका दुपारी मी जरा लवकर वर गेले, तर माडीवर शांतिभाई एकटेच. अफगाण फौजेसमोर गुडघे टेकून, हात जोडून. "मिच्छामि दुक्कडम्, मिच्छामि दुक्कडम्..."

माझ्या हातून निळीची वाटी पडली. ते वळून पाहून म्हणाले, "घाबरू नका ताई. गिलच्यांची क्षमा मागायची राहिली होती."

*

चिंचपाड्याच्या नियमाने एकदा फार मोठा घोटाळा केला, आणि त्यात माझा हात होता.

आबांनी स्वतःसाठी हत्ती करून घेतला होता. त्यावर भरघोस मिशांचा सरदार बसवला, तो म्हणजे आबाच. मीच रंगवला, मिशांना अर्धी काजळाची डबी लागली. तर एका रविवारी पहिल्याच हल्ल्यात तो हत्तीवरून खाली आला आणि डब्यात गेला. आबांना इतकं वाईट वाटलं, की चहासुद्धा घेतला नाही. कपाशीच्या सौद्यासाठी त्यांना दोन दिवस नंदुरबारात राहायचं होतं, ते आपले नातेवाइकांकडे निघून गेले.

दिवेलागणीला मी घरी आले, माझ्या डोक्यात अजून तोफा चालू. दारात एक अनोळखी गृहस्थ. आबांचे मेहुणे.

"ताई, आबा आठे शेतस का?"

तोंडात आलं ते मी बोलून गेले! "आबा? ते नाही का, पहिल्याच हल्ल्यात हत्तीवरून पडले. याकोबभाऊ त्यांना चिंचपाड्याला घेऊन गेले."

त्या माणसाचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, यांनाही लढाईचा नाद दिसतो, मनाला लागलं बिचाऱ्यांच्या!

मंगळवारी सकाळी दादा कोर्टाच्या कामाने स्टेशनवर गेला, तर फलाटावर ब्राह्मणपुरीचं अर्धं गाव. रातोरात दमण्या जुंपून, तापी उतरून आलेलं. बायका पदर तोंडाला लावून रडताहेत, मधोमध आबांच्या घरच्या, आक्का, चिंचपाड्याच्या गाडीची वाट बघत बसलेल्या. आणि तेवढ्यात पार्सल सोडवायला, विडा चघळत, आले कोण? आबा!

"काय रे, कोण गयं?" त्यांनी आपल्याच माणसांना विचारलं.

फलाटावरची माणसं दोन पावलं मागे सरली. एका म्हातारीने भीतीने डोळेच मिटून घेतले. आक्का उठल्या. नवऱ्याला डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं. हात धड, पाय धड. मग डोळे पुसले आणि पहिलाच प्रश्न विचारला,

"हत्ती कव्हय लिधा? आन माले सांगं नही!"

*

अंतर मोजण्यावरून आमच्याकडे कायम भांडण. आधी विती होत्या. घोडा तीन विती, पायदळ दीड. पण आबांची एक वीत म्हणजे दादाची दीड! आबांचे घोडे एका झेपेत अब्दालीच्या तंबूत.

"हात लहान शे तर मी काय करू, वकीलसाहेब?"

म्हणून मी शाळेतली लाकडी पट्टी शनिवारी आणायची आणि सोमवारी परत ठेवायची. पट्टीच्या मागच्या बाजूला दादाने शाईने खुणा केल्या. घोडा, हत्ती, पायदळ. मला पुसायला सांगितलं होतं. मी विसरले.

आणि त्याच सोमवारी शाळा तपासायला दिपोटीसाहेब! ते आले की आमच्या मुख्याध्यापिकाबाईंचा रक्तदाब वाढतो. माझं तर काळीजच थांबतं. साहेबांनी चौथीतल्या मंजुळाला उभं केलं.

"मुली, या टेबलाची लांबी मोजून सांग."

मंजुळा हुशार. पट्टी घेतली, टेबलावर ठेवली. उलटी! मी तिथूनच पाहिलं आणि साहेबांच्या पाठीमागून हातवारे करायला लागले. तिने शांतपणे मोजलं आणि ठणठणीत सांगितलं,

"तीन घोडे, एक हत्ती आणि थोडं पायदळ."

 मुख्याध्यापिकाबाई माझ्याकडे बघताहेत. साहेबांनी पट्टी हातात घेतली, चष्मा वर करून पाहिली, खाली करून पाहिली. माझी नोकरी आता या खिडकीतून बाहेर जाणार, हे मला स्पष्ट दिसलं.

"हत्ती घोड्यापेक्षा कमी कसा?" साहेबांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत मंजुळा म्हणाली, "साहेब, घोडा पळतो. हत्ती डुलत जातो."

साहेबांनी मान हलवली. "बरोबर आहे," म्हणाले, आणि पुढच्या वर्गात गेले.

मी त्यानंतर पाऊण तास खुर्चीवरून उठले नाही.

*

तोफांचं सांगायचं राहिलं. बांबूची नळी, आत छत्रीची स्प्रिंग आणि गोळा म्हणजे हरभऱ्याचा दाणा. दादाची अक्कल. तोफ उडवताना सगळ्यांनी ओरडायचं, असा आबांचा आग्रह. मी कानावर हात ठेवून बसायची.

एकदा दाणा उडाला, आबांच्या हत्तीला लागला, उडी मारून फळ्यांच्या फटीत गेला आणि खाली नाहीसा झाला. बरोबर गादीच्या वर!

आम्ही फटीकडे कान लावले. खालून काही आवाज नाही. आबा फटीला डोळा लावायला निघाले, त्यांना याकोबभाऊंनी पाय धरून ओढलं.

दुसऱ्या दिवशी शांतिभाई आमच्या घरी आले. "दाणा बापूजींच्या मांडीवर पडला."

"मग?" दादाच्या तोंडून जेमतेम निघालं.

"त्यांनी उचलला. निरखून पाहिला. कबुतरांच्या वाटीत टाकला."

"काहीच बोलले नाहीत?"

"बोलले. म्हणाले, हरभरा चांगला आहे, भाव काय?"

याचा अर्थ काय लावायचा? दादा म्हणाला, त्यांना काही कळलेलं नाही. मी म्हटलं, कळलंय आणि ते वाट बघताहेत. त्या रात्री मला स्वप्न पडलं, की शेठजी दोन बोटांत धरून मलाच कबुतरांच्या वाटीत टाकताहेत.

पुढच्या रविवारपासून आम्ही फटींवर गोणपाट टाकलं आणि पेढीच्या बाजूची खिडकीसुद्धा बंद करून घेतली. तशी ती बंदच बरी होती. शेठजी रोज दुपारी कबुतरांना ज्वारी टाकायचे आणि मग सगळी कबुतरं येऊन त्याच खिडकीवर बसायची.

*

पण खरा अपराध तोफेचा नव्हता, माझ्या सुईचा होता.

अब्दाली रंगवायचा होता. मी पंधरा दिवस टाळत होते, कारण अब्दालीच्या चेहऱ्याचा विचारसुद्धा नको वाटायचा. शेवटी एका रविवारी डोळे जवळजवळ मिटूनच बसले. ज्याची भीती वाटते असा माणूस डोळ्यांसमोर आणायचा आणि सुई चालवायची. चालवली. नाक झालं, पांढऱ्या मिशा झाल्या, हनुवटीवरचा तीळ झाला, वाळायला ठेवला.

दादाने उचलला आणि खेकसला, "सुधे! अब्दालीला चष्मा?"

खरंच की! दोन काजळाची गोल भिंगं, मध्ये दांडी. माझ्या हाताने! माझं मलाच कळलं नाही कधी काढला.

आबा वाकले, बघत राहिले, आणि हळूच उपरणं तोंडावर धरलं. याकोबभाऊ खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. शांतिभाईंनी तो तळहातावर घेतला, उजेडात धरला आणि पुटपुटले,

"हे... बापूजी आहेत."

 मी ओलं फडकं घेऊन धावले. "द्या, द्या इकडे, मी पुसून टाकते!"

शांतिभाईंनी हात मागे घेतला. "वडिलांचं तोंड पुसू? माझ्या डोळ्यांदेखत?"

पुसता येईना, वापरल्याशिवाय भागेना. दुसरा अब्दाली करायला कुंभारबाबांना दिवाळीच्या पणत्यांतून सवड नव्हती. तेव्हा आमचं पानिपत चष्मेवाल्या अब्दालीनेच लढायचं ठरलं. दादा त्याच्या बाजूने खेळायचा. एरवी "मारा, कापा" म्हणणारा हा वकील, आता अब्दालीला पुढे सरकवताना "या, असे या" म्हणायला लागला.

आणि तो अब्दाली पडला! आबांच्या राजाने पाडला. शिंगाने! तंगडी मोडली. चिंचपाड्याला गेला.

पुढच्या रविवारी डबा उघडला, सगळे आले, अब्दाली नाही.

"कुठाय?" दादाने विचारलं.

"वॉर्डात," याकोबभाऊ म्हणाले. "हाड नीट बसलं नाही."

"अहो, माती आहे ती!"

"माती जास्त वेळ घेते."

त्याच्या पुढच्या रविवारी तेच. दादाची फौज सेनापतीवाचून मार खातेय, आबांना गुदगुल्या होताहेत. तिसऱ्या रविवारी दादाचा संयम संपला. तो उठला, कोटाची बटणं लावली आणि कोर्टात बोलतो त्या आवाजात, भिंती हादरतील अशा, भाषण सुरू केलं. "माझ्या अशिलाला, अहमदशहा अब्दालीला, चिंचपाड्याच्या दवाखान्यात विनाकारण तीन रविवार डांबून ठेवण्यात आलं आहे! मी त्यांच्या जामिनाची मागणी करतो!"

"हळू, दादा, हळू!" मी त्याच्या कोटाला लोंबकळले. खाली शेठजी बसलेले!

याकोबभाऊंनी चहाचा घोट घेतला. "वकीलसाहेब, दवाखान्यात जामीन नसतो. पेशंट चालायला लागला की सोडतो."

चौथ्या रविवारी सोडला. पायाला बारीक खपच्या बांधलेल्या, बँडेजसुद्धा खरं.

*

आता शेवटचा. हा मी अजून कुणाला एका दमात सांगू शकलेले नाही.

आबांकडे कापूस वेचणी चालू होती, म्हणून ते आले नाहीत. मराठ्यांकडून बसायला कुणी नाही. दादा माझ्याकडे वळला. "सुधे, तू बस."

"मी?"

"मग काय याकोबभाऊ बसणार? त्यांनी बसायचं तर जखमींना कोण बघणार?"

मी बसले. एवढी वर्षं नुसती रंगवत होते, पहिल्यांदा घोड्याला पुढे सरकवायला हात लावला.  आणि खरं सांगू? बरं वाटलं. पण ते फार वेळ टिकलं नाही. दादाने मला भावाबहिणीचं काही न बघता झोडपायला सुरुवात केली. माझे घोडे एकामागून एक डब्यात.

शांतिभाई पंच होते. ते म्हणाले, "ताई, रसद तुटली. आता तुमचे घोडे अर्धाच पल्ला जाणार."

मी रडायच्या बेतात आले होते. तेवढ्यात जिना वाजला.

ठक. ठक. ठक. काठी.

आमच्यात काठीवाला कुणी नाही. शांतिभाईंच्या तोंडावरचं रक्त उतरलं. दादाने कोट काढून अब्दालीवर टाकायला उचलला, पण हात तसाच वर राहिला. दारात शेठजी उभे! डोक्याला पगडी, नाकावर चष्मा, एका हातात काठी, दुसऱ्या हातात कबुतरांची पितळी वाटी. इतक्या वर्षांत गुडघ्यांमुळे ते कधी वर आले नव्हते.

मी अशी तडकाफडकी उठले, की माझ्या सेनापती भाऊसाहेबांचा तंबू माझ्या पदराबरोबर वर आला.

"बापूजी, हा इतिहासाचा..." शांतिभाई सुरू झाले. शेठजींनी काठी जराशी उचलली. शांतिभाई थांबले.

शेठजी वाकून बघू लागले. तोफा पाहिल्या. डबा पाहिला. राजाजवळ थोडे थबकले. मग नजर सरकत सरकत खिडकीकडच्या छावणीवर गेली आणि अब्दालीपाशी थांबली. अब्दालीने चष्म्यातून शेठजींकडे पाहिलं, शेठजींनी चष्म्यातून अब्दालीकडे.  गेली माडी, गेला रविवार, आता उद्यापासून मी आणि आईने आणलेली स्थळं!

"ही फौज कुणाची?" त्यांनी माझ्या बाजूला काठी केली.

"मा... माझी."

"बेटी, ही माणसं जेवली का?"

मी वर्गात देतात तसं खरं उत्तर दिलं. "नाही काका. रसद तुटलीय. उपाशी आहेत."

"माझ्या माडीवर?"

शेठजींनी काठी टेकत मांडणीभोवती एक पाऊल टाकलं.

"रसद यायची कुठून?"

दादाने कोर्टात करतो तसा घसा साफ केला. "दिल्लीकडून. पण मध्ये हा..." त्याची नजर अब्दालीच्या तोंडावर गेली, मग शेठजींच्या. "म्हणजे... हे बसलेत."

"दिल्ली कुठे?"

"खिडकीकडे."

शेठजी खिडकीपाशी गेले. "एवढ्या उकाड्यात खिडकी बंद? माणसं गुदमरतील," म्हणाले आणि दोन्ही दारं सताड उघडली. मग वाटीतून मुठी भरभरून ज्वारी सांडत निघाले. खिडकीपासून, अब्दालीच्या छावणीच्या मधून, तोफांच्या बगलेने. वाट सरळ, कुठे खंड नाही. वाटी संपत आली तेव्हा माझ्या घोड्यांपुढे पोचले, उरलेली चिमूट ठेवली आणि म्हणाले, "जेवा."

आणि कबुतरं आली!

किती, ते विचारू नका. खिडकीच काळी झाली. मी किंचाळले, ते सगळ्या बाजाराने ऐकलं म्हणतात. पंखांचा वारा, धूळ, कापूस! अब्दालीचे तंबू उडाले, उंट आडवे, तोफा गडगडत दादाच्या मांडीवर. कबुतरांना तिथेच इतकं मिळालं, की माझ्या बाजूपर्यंत एकही आलं नाही. माझे होते नव्हते ते सगळे घोडे वशिंडांसकट उभे, आणि पुढे राजा.

हळूहळू फडफड थांबली. दादाच्या केसांत एक पीस. याकोबभाऊ दोन्ही हातांनी डबा धरून भिंतीला चिकटलेले. मेलं कुणी नव्हतं, पण उभं राहिलेलंही तिकडे कुणी नव्हतं.

"मी कुणाला हात लावला नाही," शेठजी म्हणाले.

मग काठीवर भार देत ते खाली वाकले. दाण्यांतून बोटांनी चाचपून त्यांनी अब्दालीला उचललं. कबुतराचं पाऊल चष्म्यावरून गेलं होतं, एक भिंग पुसलं गेलेलं. शेठजींनी उपरण्याच्या टोकाने त्याचं तोंड हलकेच पुसलं, डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, लांब धरून पाहिलं आणि याकोबभाऊंपुढे केलं.

"एक काच गेली याची. घेऊन जा चिंचपाड्याला," म्हणाले. "पण कंपाउंडरसाहेब, मागच्यासारखे तीन रविवार ठेवू नका."